क्लिक करण्याआधी काय दिसायला हवं: टर्न-बेस्ड गेमचा इंटरफेस दुरुस्त करताना

प्रश्न असा आहे: हेक्स, म्हणजे षटकोनी घरांच्या नकाशावरचा टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायचा) डावपेचांचा गेम, दोन्ही बाजूंना दहा-बारा युनिट. नियम पक्के झालेत, गेम नीट चालतो, पण चाचणीला बसलेले लोक पुन्हा पुन्हा तीनच तक्रारी करतात. ‘मला तिथे जायचंच नव्हतं’, ‘हा मला कुठून मारू शकला?’ आणि ‘पाळी संपता संपत नाही’. सगळी पॅनेल आणि आयकॉन नव्याने काढायला घ्यावेत का?

इतक्यात नको. तिन्ही तक्रारींचं मूळ नकाशावर आहे. टर्न-बेस्ड गेममध्ये हाताच्या चपळाईला किंमत नसते. खेळणाऱ्याचा वेळ जातो तो ‘असं केलं तर काय होईल’ हे डोक्यात मांडण्यात. गंमत अशी की हे गणित गेमला आधीच येत असतं. ते लपवून ठेवायचं आणि खेळणाऱ्याला घरं बोटांवर मोजायला लावायची, तिथेच बहुतेक इंटरफेस फसतात. म्हणून आधी चाल, मग हल्ला, मग शत्रूची पाळी, आणि पॅनेलची रंगरंगोटी सगळ्यात शेवटी.

काहीही बदलण्याआधी मोजून घ्या. पाच जण बसवा, प्रत्येकी अर्धा तास पुरतो. शत्रूची पाळी सुरू होण्याच्या क्षणी खेळ थांबवून एकच विचारा: ‘आता काय होईल?’ उत्तर लिहून घ्या आणि मग प्रत्यक्षात काय होतं ते पाहा. अंदाज जिथे सारखा चुकतो तिथे इंटरफेसचं काहीतरी सांगायचं राहून गेलंय. जोडीला लॉगमध्ये चार गोष्टी नोंदवा: युनिट निवडून एका सेकंदाच्या आत सोडून दिल्याचे प्रसंग, अनडूचा (चाल मागे घेण्याचा) वापर किंवा जुना सेव्ह उघडणं, त्याच त्या टूलटिपवर (कर्सर नेल्यावर उघडणाऱ्या माहितीच्या चौकटीवर) परत जाणं, आणि शेवटच्या हुकमापासून पाळी संपवेपर्यंत गेलेला वेळ. निवडून लगेच सोडलं, याचा अर्थ बहुधा त्या माणसाला युनिट हलवायचं नव्हतंच, त्याची पोहोच किंवा एचपी (उरलेला जीव) बघायची होती. मग ती माहिती निवडीशिवाय, नुसता कर्सर नेल्यावर दिसली पाहिजे.

पोहोच दाखवताना बरेच जण सगळी पोहोचण्याजोगी घरं एका रंगाने भरून मोकळे होतात. पण खेळणाऱ्याचे प्रश्न तीन असतात: कुठे जाऊन अजून हल्ला करता येईल, कुठे फक्त जाता येईल, आणि तिथून कोणाला गाठता येईल. २०१२ च्या ‘एक्सकॉम: एनिमी अननोन’ने पहिले दोन प्रश्न दोन रेषांत सोडवले: निळ्या रेषेच्या आत गेलात तर कृती शिल्लक राहते, पिवळ्या रेषेपर्यंत धावलात तर ती संपते. घरं भरण्यापेक्षा फक्त बाह्यरेषा काढणं जास्त चांगलं, कारण खालचा भूभाग दिसत राहतो. भरायचीच असतील तर अपारदर्शकता १५ ते २५ टक्क्यांच्या वर नेऊ नका. तिसऱ्या प्रश्नासाठी, कर्सर ज्या घरावर असेल तिथून मारता येतील अशा शत्रूंवर छोटी खूण उमटू द्या. युनिट अजून हललेलंही नसतं आणि हल्ल्याचा विचार पूर्ण झालेला असतो.

पोहोच डायक्स्ट्राने, म्हणजे सगळ्यात कमी खर्चाचा मार्ग शोधणाऱ्या नेहमीच्या अल्गोरिदमने काढता येते, त्यात विशेष काही नाही. त्रास होतो तो मार्ग निवडताना. सारख्या खर्चाचे तीन मार्ग असतात, अल्गोरिदम त्यातला कुठलातरी उचलतो, कर्सर शेजारच्या घरात सरकला की मार्ग डावीकडून उजवीकडे उडी मारतो, आणि युनिट नेमकं जळत्या घरावरून जातं. ‘मला तिथे जायचंच नव्हतं’ या तक्रारीतला मोठा वाटा इथला असतो. उपाय दोन. पहिला, खर्च हा एकच आकडा न ठेवता जोडी ठेवा: आधी धोका, मग चालीचे पॉइंट. पोहोचेच्या आत असलेला सुरक्षित मार्ग दोन घरं लांब पडला तरी चालतो, जर उरलेल्या पॉइंटचा दुसरा उपयोग नसेल. तुमच्या नियमांत तसा उपयोग असेल, तर ही अदलाबदल करू नका. आणि दोन निकषांवर मार्ग शोधताना एका घरासाठी एकच ‘सर्वोत्तम’ नोंद पुरत नाही. सुरक्षित पण महाग मार्ग पॉइंटची मर्यादा ओलांडू शकतो, म्हणून स्वस्त आणि सुरक्षित अशा दोन्ही नोंदी सांभाळा. दुसरा उपाय: कर्सर शेजारच्या घरात गेला तर आधीचाच मार्ग एका घराने वाढवून बघा आणि तो पॉइंटमध्ये बसत असेल तर तोच ठेवा. ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’मध्ये बाण कर्सरच्या मागे मागे वळतो, तो याच कारणासाठी: मार्ग खेळणाऱ्याच्या हातात राहतो.

धुकं असेल, म्हणजे न पाहिलेला नकाशा झाकलेला असेल, तर एक सापळा लक्षात ठेवा. पूर्वदर्शन खऱ्या नकाशावर काढलंत तर मार्ग लपलेल्या शत्रूला वळसा घालून जाईल आणि खेळणाऱ्याला फुकटात हेरगिरी मिळेल. पूर्वदर्शन नेहमी खेळणाऱ्याला जे माहीत आहे त्यावरच काढा. वाटेत लपलेला कोणी भेटला तर युनिट त्याच्या अलीकडे थांबेल आणि उरलेल्या चालीचं काय झालं ते स्पष्ट सांगेल.

आता खुद्द चुकीचा क्लिक. सगळ्यात जास्त वेळा तो असा होतो: युनिटची चाल संपते, गेम आपणहून पुढचं युनिट निवडतो, कॅमेरा सरकू लागतो, आणि खेळणाऱ्याचं बोट त्याच क्षणी खाली आलेलं असतं. क्लिक जुन्या युनिटसाठी होता, हुकूम नव्याला जातो. आपोआप निवड ठेवायचीच असेल तर ती बंद करायची सोय द्या, ‘सिव्हिलायझेशन ६’मध्ये ती आहे. कॅमेरा सरकत असताना नकाशावरचे हुकूम स्वीकारू नका आणि थांबल्यावरही पाव सेकंद जाऊ द्या. बटण दाबलं आणि सोडलं ते एकाच घरात असेल तरच क्लिक धरा. दोन्हींच्या मध्ये ६ ते ८ पिक्सेलपेक्षा जास्त सरकलं तर ते ओढणं समजा. उंच डोंगर किंवा मोठं स्प्राइट (युनिटचं चित्र) मागच्या घरावर येत असेल तर क्लिक चित्रावरून न ठरवता घरावरून ठरवा, आणि कर्सरखालच्या घराची कड सगळ्यांच्या वर काढा. नाहीतर आपण कशावर क्लिक करतोय हे माणसाला कळत नाही आणि दोष मात्र माउसवर जातो.

टचस्क्रीनवर कर्सर नसतो, त्यामुळे कर्सर नेल्यावर दिसणारं सगळं तिथे गायब होतं. पहिल्या टॅपला पूर्वदर्शन, त्याच घरावर दुसऱ्या टॅपला हुकूम, दुसरीकडे टॅप केलं तर पूर्वदर्शन तिकडे, ही पद्धत चालते. ‘नक्की का?’ विचारणारी खिडकी मात्र प्रत्येक चालीला आली की तिसऱ्या पाळीपर्यंत कोणी ती वाचत नाही. बोटासाठी घर किती मोठं हवं? अ‍ॅपलच्या मार्गदर्शनात ४४ पॉइंट आणि अँड्रॉइडच्या ४८ डीपी (दोन्ही स्क्रीनवरच्या मापाची एककं) हे किमान माप आहे. झूम कमी असताना घर त्याहून लहान होत असेल तर पहिल्या टॅपला झूमच करा.

अनडू. बुद्धिबळाच्या स्पर्धेत हात लावलेली सोंगटी खेळावी लागते, पण तिथे पट डोळ्यांसमोर स्थिर असतो आणि सोंगटी स्वतःच्या हातात असते. स्क्रीनवर तो कडकपणा नको. नियम सोपा ठेवा: नवी माहिती उघड झाली नाही आणि फासा पडला नाही, तोवर चाल मागे घेता येईल. ‘बॅटल फॉर वेस्नॉथ’ नेमकं हेच करतो. ‘इन्टू द ब्रीच’ हल्ल्याआधीची हालचाल मागे घेऊ देतो आणि शिवाय लढाईत एकदा अख्खी पाळी परत खेळू देतो. बनवायला कठीण नाही. प्रत्येक हुकमाची उलटी क्रिया लिहीत बसण्यापेक्षा प्रत्येक हुकमाआधी पूर्ण स्थितीची प्रत ठेवा. वीस-पंचवीस युनिट आणि काहीशे घरं यांची प्रत काही किलोबाइटच्या पुढे जात नाही. अट एकच, खेळाची स्थिती अ‍ॅनिमेशनपासून वेगळी हवी. युनिटची जागा स्प्राइटच्या निर्देशांकांवरून वाचणारा कोड असेल तर अनडू कधीच सरळ चालणार नाही, आणि खाली सांगितलेलं अर्धंअधिक कामही अडेल. बटण बंद असताना ते का बंद आहे हे त्यावरच दिसू द्या: ‘नवी घरं उघडली, चाल मागे घेता येणार नाही’. त्याहून बरं म्हणजे मार्ग आखतानाच, ज्या घरापासून धुकं हटायला लागेल तिथून रेषा तुटक करा. इथून पुढे परतीचा रस्ता नाही, हे पाय टाकण्याआधी कळतं.

हल्ल्याच्या पूर्वदर्शनावर वेळ घालवलात तर तो सगळ्यात जास्त वसूल होतो. एक उदाहरण जवळून पाहू. पॅनेल सांगतं: लागण्याची शक्यता ७५%, डॅमेज ३ ते ५, शत्रूची एचपी ४. माहिती पूर्ण आहे, पण खेळणाऱ्याला जे हवंय ते यात नाही. त्याचा प्रश्न एवढाच की हा मरेल का. डॅमेज ३, ४, ५ सारख्याच शक्यतेने येत असतील तर मारायला ४ किंवा ५ हवा, म्हणजे तीनातून दोन वेळा, गुणिले ०.७५, म्हणजे बरोबर ५०%. पॅनेलवर मोठ्या अक्षरांत ‘मरण्याची शक्यता ५०%’ हवं, खाली लहान अक्षरांत ७५% आणि ३–५. शेजारी, शत्रू वाचला तर त्याचा उलटा वार किती बसेल ते. शत्रूच्या एचपीच्या पट्टीवर कमीत कमी डॅमेज गडद आणि जास्तीत जास्त फिकट रंगाने कापून दाखवा, की आकडा न वाचताही अंदाज येतो. अनेक वार असलेल्या हल्ल्यात ही गणितं तोंडी करणं अशक्य असतं. वेस्नॉथमध्ये हल्ल्याच्या खिडकीतून डॅमेजचा हिशेब उघडला की लढाईनंतर किती एचपी उरण्याची किती शक्यता, याचं पूर्ण वाटप दिसतं. ते सतत समोर नको, पण हाताशी हवं.

टक्क्यांबद्दल लोक चिडतात, कारण ९०% म्हणजे ‘लागणारच’ असं मन धरून चालतं. काही गेम यावर आतून तोडगा काढतात. ‘फायर एम्ब्लेम’मध्ये २००२ च्या ‘द बाइंडिंग ब्लेड’पासून दोन यादृच्छिक आकड्यांची सरासरी घेण्याची पद्धत आली: स्क्रीनवर ९० दिसतं तेव्हा खरी शक्यता सुमारे ९८ असते, ७० ला सुमारे ८२, आणि ३० ला १८ च्या आसपास. खेळताना हे बरं वाटतं, हे खरं. तरी नव्या गेममध्ये ही वाट धरू नये असं माझं मत आहे. खेळणारे आकडेवारी गोळा करतात, लबाडी उघडी पडते, आणि मग बाकीच्या आकड्यांवरचाही विश्वास जातो. त्यापेक्षा टक्का फोडून दाखवा: मूळ ६५, उंचीमुळे +२०, आडोशामुळे −४०, एकूण ४५. नेम चुकला तरी ‘आडोसा होता’ हे कारण समोर असतं, आणि पुढच्या वेळी बाजूने जायला हवं हे न सांगता कळतं.

पूर्वदर्शन आणि प्रत्यक्ष निकाल एकाच फंक्शनमधून आले पाहिजेत. इंटरफेससाठी वेगळं ‘अंदाजे’ गणित लिहिलंत की ते कधीतरी घसरतंच, आणि बहुतेक वेळा राउंडिंगमध्ये. मूळ डॅमेज ७, हल्ल्याचा गुणक १.२५, चिलखताचा ०.८. दर पायरीला खाली राउंड केलं तर ८.७५ चे ८, मग ६.४ चे ६. शेवटी एकदाच केलं तर ७. पॅनेल म्हणालं ७, लागले ६, शत्रू एका एचपीवर वाचला आणि पुढच्या पाळीत त्याने तुमचा धनुर्धारी मारला. असा बग कोणी ‘राउंडिंगची चूक’ म्हणून कळवत नाही. ‘गेम चीट करतो’ म्हणून कळवतात.

दुसरी तक्रार, ‘कुठून मारलं?’ यासाठी धोक्याचा थर लागतो. प्रत्येक शत्रूची पोहोच आणि त्यापुढे त्याच्या हत्याराची रेंज, या सगळ्यांची बेरीज. ‘अ‍ॅडव्हान्स वॉर्स’मध्ये शत्रूवर बी बटण दाबून धरलं की त्याचा पल्ला दिसतो, वेस्नॉथमध्ये कंट्रोल-व्ही ने शत्रूच्या सगळ्या संभाव्य चाली उजळतात. तुमच्याकडे दोन्ही हवेत: एक कळ सगळ्यांसाठी, आणि एकेका शत्रूवर क्लिक करून त्याचा पल्ला टाचून ठेवायची सोय. घरावर किती जण पोहोचतील तो आकडाही द्या. एकाच्या टप्प्यात असणं आणि चौघांच्या टप्प्यात असणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि नुसत्या लाल रंगात तो दिसत नाही.

इथे एक बारीक गोष्ट हमखास राहून जाते. तुमचं युनिट अरुंद वाटेत उभं असेल तर ते शत्रूची वाट अडवत असतं. ते हललं की वाट मोकळी होते आणि मागच्या जखमी युनिटपर्यंत शत्रू पोहोचतो. म्हणून धोका युनिट आत्ता जिथे आहे तिथून काढू नका, कर्सरखालच्या घरात ते पोहोचलंय असं धरून काढा. बारा शत्रूंची पोहोच काहीशे घरांवर पुन्हा काढणं आजच्या कुठल्याही यंत्राला जड नाही, फक्त दर फ्रेमला काढू नका; कर्सरखालचं घर बदललं की एकदा काढा. दृष्टिरेषेचंही तसंच: कर्सर जिथे आहे तिथून कोण दिसेल आणि कोणाला आपण दिसू, ते हलण्याआधी दाखवा. ‘इन्टू द ब्रीच’ तर याच्याही पुढे जातो. ८×८ च्या पटावर शत्रू आधी जागा घेतात, कुठे मारणार ते जाहीर करतात, आणि मग तुमची पाळी येते. तुमचे नियम वेगळे असतील, पण निदान दोन पाळ्या चालणाऱ्या मोठ्या हल्ल्यांची घरं आधी आखून दाखवायला कोणताच नियम आड येत नाही.

थर वाढले की चित्राची गोधडी होते. त्यामुळे कोणत्या अर्थाला कोणतं साधन हे एकदाच ठरवा आणि मोडू नका: कड म्हणजे पोहोच, तिरप्या रेघा म्हणजे धोका, रेषा म्हणजे मार्ग, घरातला आयकॉन म्हणजे भूभागाचा परिणाम. रंग हा फक्त जोडीला. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांमध्ये साधारण ८ टक्क्यांना लाल-हिरव्यातला फरक नीट ओळखता येत नाही, आणि ‘आपले हिरवे, त्यांचे लाल’ ही जोडी गेममध्ये सगळ्यात आवडती. निळा-नारिंगी घ्या, आकारही वेगळे ठेवा, आणि शेवटी स्क्रीनशॉट काळापांढरा करून बघा. बाजू ओळखू आल्या तर पास.

तिसरी तक्रार सोपी आहे, गणितच करा. बारा युनिट, प्रत्येकाच्या चालण्याला दीड सेकंद, म्हणजे पाळीला १८ सेकंद. वीस पाळ्यांच्या लढाईत सहा मिनिटं नुसतं चालणं बघण्यात, आणि शत्रूची तेवढीच वेगळी. एक युनिट चालत असताना दुसऱ्याला हुकूम देता आला पाहिजे; स्थिती आधीच बदललेली असते, अ‍ॅनिमेशन मागून येऊ दे. नजरेबाहेरच्या शत्रूची हालचाल दाखवू नका. कॅमेरा फक्त हल्ला, मृत्यू किंवा नव्याने दिसलेला शत्रू यांसाठीच हलवा. १×, २×, ४× असे वेग द्या आणि स्पेसबार दाबून धरला की उरलेलं झटकन संपू द्या. पण वेग वाढवला की ‘माझ्या भालेवाल्याला काय झालं?’ हा प्रश्न येतो, म्हणून लढाईची नोंदवही हवी, जिच्या ओळीवर क्लिक केलं की कॅमेरा त्या घरावर जाईल. संगणकाच्या विचाराला एका सेकंदापेक्षा जास्त लागत असेल तर काहीतरी हलतं दाखवा, नाहीतर लोक गेम अडकला समजून क्लिक करत सुटतात, आणि ते क्लिक साठून पुढच्या पाळीच्या सुरुवातीला एकदम अंगावर येतात. पाळी बदलताना साठलेला इनपुट पुसून टाका.

पाळी संपवायचं बटण ‘सिव्हिलायझेशन ५’सारखं करा: एकच जागा, आणि त्यावर पुढचं उरलेलं काम लिहिलेलं, काम उरलं नाही की तेच बटण पाळी संपवतं. इशारा फक्त अशा युनिटसाठी द्या जे खरोखर काही करू शकतं. सगळीकडून अडलेल्या किंवा मुद्दाम पहाऱ्यावर ठेवलेल्या युनिटसाठीही इशारा आला तर लोक तो न वाचता बंद करायला शिकतात. एस्केप कळ एका वेळी एकच पायरी मागे न्यावी: आधी हल्ल्याचं पूर्वदर्शन जावं, मग निवड सुटावी, आणि काहीच निवडलेलं नसेल तेव्हाच मेनू उघडावा.

आता उरलेलं पॅनेलचं काम बघा. निम्मी माहिती नकाशावर गेल्यामुळे ती आपोआप आटोपशीर होतात. टूलटिपला ३०० ते ५०० मिलिसेकंदांचा उशीर ठेवा, पण एक उघडी असताना शेजारची लगेच उघडू द्या. अक्षर आणि पार्श्वभूमीत किमान ४.५:१ कॉन्ट्रास्ट ठेवा. हातात धरून खेळायच्या स्टीम डेकच्या १२८०×८०० स्क्रीनवर अक्षराची उंची ९ पिक्सेलच्या खाली जाऊ नये अशी तो बनवणाऱ्या व्हॉल्व्हची अपेक्षा आहे, पण तो तळ आहे, लक्ष्य नाही. एचपी आणि टक्क्यांसाठी सारख्या रुंदीचे अंक असलेला फॉन्ट वापरा, नाहीतर कर्सर फिरवताना आकडे थरथरतात.

देवनागरीत गेम आणायचा असेल तर हे शेवटी ठेवू नका. जोडाक्षरं आणि वेलांट्या नीट बसायला मजकुराचं शेपिंग, म्हणजे अक्षरं जोडून त्यांना योग्य आकार देणं, लागतं. गोडो ४ या गेम इंजिनमध्ये ते हार्फबझ या शेपिंगच्या लायब्ररीमुळे तयार मिळतं. युनिटी या दुसऱ्या इंजिनात मजकूर दाखवायला टेक्स्टमेशप्रोवर विसंबून असाल तर ‘शक्ती’ आणि ‘र्‍हास’ हे दोन शब्द पहिल्याच दिवशी छापून बघा. शिरोरेषेवर रफार आणि मात्रा, खाली उकार, त्यामुळे लॅटिन अक्षरांसाठी आखलेल्या ओळीत वरखाली कापाकापी होते; ओळीची उंची अक्षराच्या दीडपट धरा आणि बटणांची उंची त्यावरून ठरवा.